वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो स्कूल डिस्ट्रिक्ट : घर घ्यावं का, पोरांना घालावं का, आणि बाकी सगळं

जंक्शनवाला

दर वर्षी मार्च-एप्रिल आला की विपूत (माझ्या विचारपुशीच्या पानावर) तेच प्रश्न सुरू होतात. न्यू जर्सीत बदली झालीय, ऑफिस प्रिन्स्टनच्या बाजूला आहे, शाळा चांगल्या कुठे आणि ते 'डब्ल्यू डब्ल्यू पी', म्हणजे वेस्ट विंडसर-प्लेन्सबोरो, म्हणतात ते काय प्रकरण आहे. प्रत्येकाला वेगळं टाइप करायचा कंटाळा आला म्हणून हा धागा. मी रिअल इस्टेटवाला नाही, पोरं इथल्या शाळांत शिकली आणि टॅक्स इथेच भरतो, एवढीच पात्रता. ज्यांना जास्त माहिती आहे त्यांनी भर घाला, भांडायचं असेल तर भांडा पण मुद्द्याला धरून.

तर वेस्ट विंडसर आणि प्लेन्सबोरो या दोन वेगळ्या टाउनशिप, आणि काउंटीही (म्हणजे जिल्हे) वेगळ्या. वेस्ट विंडसर मर्सरमध्ये, प्लेन्सबोरो मिडलसेक्समध्ये. शाळांचा कारभार मात्र एकत्र, एकाच स्कूल डिस्ट्रिक्टमध्ये. बोर्डावर ९ जण, लोकसंख्येच्या हिशोबाने ५ वेस्ट विंडसरचे आणि ४ प्लेन्सबोरोचे, निवडून आलेले, पगार नाही, शिव्या भरपूर. शाळा १०. लहान मुलांच्या डच नेक, मॉरिस हॉक, टाउन सेंटर आणि विकॉफ, मग व्हिलेज आणि मिलस्टोन रिव्हर, मग ग्रोव्हर आणि कम्युनिटी या मिडल स्कूल, आणि शेवटी हायस्कूल साउथ आणि हायस्कूल नॉर्थ. साउथ जुनं, नॉर्थ १९९७ चं. मुलं ९ हजारांच्या वर. तुमच्या पत्त्याला कुठली शाळा येते ते डिस्ट्रिक्टलाच विचारा, शेजाऱ्याच्या सांगण्यावर जाऊ नका, हद्दी बदलत असतात.

एक काळ असा होता की इथे सगळी शेतं, बटाटा वगैरे, आणि प्लेन्सबोरोत वॉकर-गॉर्डन डेअरी. त्या डेअरीत १९३० साली गोल फिरणारा प्लॅटफॉर्म बसवला होता, त्यावर एका वेळी ५० गाई चढवून फिरता फिरता धार काढायचे, लांबून लोक बघायला यायचे. बोर्डेन कंपनीच्या जाहिरातीतली एल्सी गाय याच डेअरीत होती. आता त्याच जागेवर मोठ्या घरांची कॉलनी आहे आणि एल्सीच्या नावाचा दगड तेवढा शिल्लक आहे. डेअरी १९७१ ला बंद झाली, आणि साधारण तेव्हापासून प्लेन्सबोरोत एकेक करून अपार्टमेंट कॉम्प्लेक्स उभे राहत गेले. फॉक्स रन, हंटर्स ग्लेन, डियर क्रीक, क्वेल रिज, रेव्हन्स क्रेस्ट. आपल्यातला जो कोणी या भागात आलाय तो आधी यातल्या एखाद्यात राहिलाय किंवा निदान तिथे कुणाकडे जेवलाय.

निशिगंध_२

वा, नेमका हवा तेव्हा धागा आला. आम्ही पुण्याहून जूनमध्ये येतोय, मुलगी पाचवीत जाईल आणि मुलगा केजीत. नवऱ्याचं ऑफिस प्लेन्सबोरोतच आहे. एजंटने एक घर दाखवलंय, पत्ता प्रिन्स्टन ०८५४० आहे, तो म्हणतो प्रिन्स्टन म्हणजे बेस्टच. ते या डिस्ट्रिक्टमध्ये येतं का?

जंक्शनवाला

नुसत्या पत्त्यावरून कुणालाच सांगता येणार नाही, आणि एजंटला माहीत असूनही तो सांगत नसेल तर दुसरा एजंट बघा. ०८५४० हा झिप (म्हणजे पिनकोड) प्रिन्स्टन, वेस्ट विंडसर, प्लेन्सबोरो, साउथ ब्रन्सविक, लॉरेन्स असा सगळीकडे घुसलेला आहे. पोस्टाचं गाव आणि टाउनशिप यांचा इथे काडीचा संबंध नाही. प्रिन्स्टनच्या सरकारी शाळांचं डिस्ट्रिक्ट वेगळं, आमचं वेगळं, साउथ ब्रन्सविकचं अजून वेगळं. 'प्रिन्स्टन जंक्शन' ०८५५० लिहिलं असेल तर ते बहुतेक वेस्ट विंडसर, आणि ०८५३६ म्हणजे प्लेन्सबोरो. विकत घेत असाल तर घराचं टॅक्स बिल मागा, त्यावर टाउनशिप छापलेली असते. भाड्याने घेत असाल तर लीजवर सही करायच्या आधी पूर्ण पत्ता देऊन डिस्ट्रिक्टच्या रजिस्ट्रेशन ऑफिसला मेल टाका.

सातारकर_एनजे

निशिगंधताई, शाळेच्या ॲडमिशनला डोनेशन नाही, इंटरव्ह्यू नाही, फी नाही, त्या हद्दीत राहता एवढं सिद्ध करायचं. लीज किंवा डीड, वीज-गॅसचं बिल, मुलाचा जन्मदाखला, आणि लसींचा रेकॉर्ड. व्हिसा कुठला ते विचारत नाहीत, विचारायचा हक्कही नाही, १९८२ च्या सुप्रीम कोर्टाच्या निकालापासून.

खरी मेख लसींत आणि टीबीत आहे. पुण्याच्या डॉक्टरांकडून लसींचा तक्ता तारखांसकट इंग्रजीत सही-शिक्क्याने घेऊन या, ते पिवळं-गुलाबी कार्ड निम्मं पुसलेलं असतं. पोलिओचा आणि ट्रिपलचा एक डोस साधारणपणे चौथ्या वाढदिवसानंतरचा लागतो, आपल्याकडे कधीकधी तो आधीच दिलेला असतो. मुलगी पुढच्या वर्षी सहावीत गेली की टीडॅप (धनुर्वात-घटसर्प-डांग्या खोकल्याची) आणि मेनिंजायटिसची लस पण मागतील. आणि भारतातून थेट येणाऱ्या मुलांची टीबी टेस्ट न्यू जर्सीत मागतात. आपल्या पोरांना बीसीजी दिलेली असते, त्यामुळे हातावरची टेस्ट फुगू शकते, मग एक्स-रे, मग पुढचं झेंगट. डॉक्टरला आधीच सांगा की रक्ताची टेस्ट करा, त्यावर बीसीजीचा परिणाम होत नाही. हे ऑगस्टच्या शेवटी करायला गेलात तर अपॉइंटमेंट मिळत नाही, जूनमध्ये उतरल्या उतरल्या उरका.

आईची_टॅक्सी

बसचं पण सांगा कुणीतरी. न्यू जर्सीचा कायदा असा की आठवीपर्यंत घर शाळेपासून २ मैलांच्या पुढे असेल आणि हायस्कूलला अडीच मैलांच्या पुढे असेल तर बस द्यावीच लागते. त्याच्या आत असाल तर रस्ता धोक्याचा आहे की नाही यावर. फूटपाथ नसलेले रस्ते इथे भरपूर आहेत. घर बघताना शाळेचं अंतर बघा पण मध्ये रूट १ हा हायवे आडवा येतो का तेही बघा.

टॅक्सभरू

सगळं गोड गोड चाललंय म्हणून जरा कडू. न्यू जर्सीचा प्रॉपर्टी टॅक्स देशात सगळ्यात जास्त. राज्यातलं सरासरी बिल २०२४ मध्ये १० हजार डॉलरच्या पुढे गेलं आणि वेस्ट विंडसर त्या सरासरीच्या बरंच वर. बिलातला निम्म्याहून मोठा तुकडा शाळेचा. म्हणजे 'फुकट शाळा' ही फुकट नाही, फी तुम्ही दर तिमाहीला टाउनशिपच्या खिडकीवर भरता, आणि पोरं कॉलेजला गेली तरी भरतच राहता.

आणि गंमत बघा, दोन गावं मिळून एक बजेट म्हटल्यावर कुणी किती द्यायचे हे ठरतं घरांच्या एकूण किमतीवर, ती पण दोन्ही गावांच्या किमती एका पातळीवर आणून. त्यामुळे एखाद्या वर्षी वेस्ट विंडसरमध्ये घरं जास्त महागली की त्यांचा वाटा वाढतो आणि प्लेन्सबोरोवाल्यांचा कमी होतो, पुढच्या वर्षी उलटं. मग लोक बोर्डावर ओरडतात की बजेट तर २ टक्केच वाढलं, माझं बिल जास्त कसं. २०१० च्या कायद्याने वसुली दर वर्षी २ टक्क्यांच्या वर वाढवता येत नाही, काही अपवाद सोडून, पण शिक्षकांच्या हेल्थ इन्शुरन्सचा खर्च काही २ टक्क्यांनी वाढत नाही. मग काहीतरी कापायचं.

निशिगंध_२

बापरे. मग भाड्यानेच राहणं बरं ना? आणि भाडेकरूंच्या मुलांना वेगळी वागणूक वगैरे?

टॅक्सभरू

भाड्यात टॅक्स असतोच हो ताई, मालक काय खिशातून भरतो? पण हो, सुरुवातीला प्लेन्सबोरोत अपार्टमेंट घेणं हाच शहाणपणा. शाळा तीच, बोर्ड तेच. वर्गात अपार्टमेंटची निम्मी पोरं असतात, कुणी विचारत नाही.

आजी_इन_जर्सी

मी नातवंडांसाठी दर वर्षी सहा महिने येते. हंटर्स ग्लेनच्या तळ्याकाठी संध्याकाळी फिरायला गेलं की चार मराठी, सहा तेलुगू आज्या भेटतात. कुणाचा नातू कुठल्या मॅथला हे मला सगळं पाठ आहे, माझ्या मुलाला विचारलंत तर त्याला त्याच्याच पोराचं सांगता येणार नाही. नव्या आलेल्या सुनांनी घाबरू नये.

जंक्शनवाला

आजी :)

टॅक्सवरून घरांचा विषय निघालाच आहे तर ती मोठी जागा पण सांगायला हवी. रूट १ ला लागून अमेरिकन सायनामिड या केमिकल कंपनीची साडेसहाशे एकर जागा होती, ती पुढे हॉवर्ड ह्यूजेस कॉर्पोरेशन या बिल्डर कंपनीकडे आली. दहाएक वर्षांपूर्वी त्यांनी तिथे दुकानं, ऑफिसं आणि सुमारे २ हजार घरांचा प्लॅन आणला. गावात आग लागली. इतकी घरं म्हणजे इतकी पोरं, शाळा कुठे बांधणार, टॅक्स कोण देणार. तो प्लॅन काही झाला नाही, जागा विकली गेली, आणि २०२२ मध्ये तिथे गोडाऊनला परवानगी मिळाली, लाखो चौरस फुटांची. आता त्याच लोकांच्या लॉनवर ट्रकविरोधी पाट्या. गोडाऊनला पोरं होत नाहीत, टॅक्स मात्र येतो, त्यामुळे आकडेमोड करणारे खूश आणि रूट १ वर रोज अडकणारे नाखूश.

एवढं लांबण लावलं कारण इथे शाळा आणि घरबांधणी हे दोन विषय वेगळे काढताच येत नाहीत. स्वस्त घरांसाठी प्रत्येक टाउनशिपने जागा द्यायची हा न्यू जर्सीच्या कोर्टाचा १९७५ पासूनचा आदेश आहे, माउंट लॉरेल केसमधला. दर वेळी त्याचा नवा कोटा येतो आणि दर वेळी 'शाळांवर ताण' हे कारण पुढे येतं. कधी खरं असतं, कधी 'आम्ही आत आलो आता दार लावा' असं असतं. हे शेवटचं बोलणाऱ्यांत आपले लोक कमी नाहीत.

आईची_टॅक्सी

दादा, पण तुम्ही २०१५ बद्दल काहीच नाही लिहिलंत? बाहेरच्या लोकांना हे डिस्ट्रिक्ट माहीत झालं ते त्यामुळे.

जंक्शनवाला

मुद्दाम ठेवलं होतं, कारण त्यावर लिहिलं की धागा तिकडेच जातो. असो. त्या वेळचे सुपरिंटेंडेंट डेव्हिड ॲडरहोल्ड यांनी २०१५ च्या शरदात पालकांना १६ पानी पत्र लिहिलं. त्यात सरळ आकडे होते. आदल्या वर्षात मिडल आणि हायस्कूलच्या १२० मुलांना मानसिक तपासणीसाठी पाठवावं लागलं, त्यातली ४० हॉस्पिटलमध्ये ॲडमिट झाली. मग त्यांनी हायस्कूलच्या मिडटर्म आणि फायनल परीक्षा काढून टाकल्या, ठरावीक रात्री होमवर्क बंद केला, चौथी-पाचवीपासून सुरू होणारं ॲडव्हान्स्ड गणित पुढे ढकललं. आणि संगीतात 'राइट टू स्क्वीक' असं काढलं, म्हणजे व्हायोलिन बेसूर वाजवणाऱ्यालाही ऑर्केस्ट्रात बसायचा हक्क.

झालं. गाव दोन भागांत फाटलं. डिसेंबरात न्यूयॉर्क टाइम्सने छापलं, आणि छापलं ते असं की आशियाई पालक एका बाजूला, गोरे पालक दुसऱ्या बाजूला. तेव्हा आशियाई मुलं डिस्ट्रिक्टमध्ये जवळपास दोन तृतीयांश होती, म्हणजे 'आशियाई पालक' म्हणजे निम्म्याहून जास्त गाव, ते सगळे एका मताचे कसे असतील? तेलुगू, चिनी, कोरियन, गुजराती, आपण, सगळे एका पोत्यात. तरी बातमी अगदीच खोटी नव्हती. माइकसमोर कोण काय बोलतंय ते बघितलं की साधारण तशीच विभागणी दिसायची.

सातारकर_एनजे

मी तेव्हा विरोधातल्या पिटिशनवर सही केलेली आणि आजही मला त्यात काही चूक वाटत नाही. आपल्या लोकांचं म्हणणं कुणी नीट ऐकूनच घेतलं नाही. आपण इथे आलो ते कशाच्या जोरावर? बारावीचे मार्क, एन्ट्रन्स, जीआरई. ना काका सिनेटर, ना आजोबा त्या कॉलेजचे माजी विद्यार्थी. ज्याच्याकडे ओळखी नाहीत त्याला परीक्षा हीच एक अशी जागा असते जिथे आडनाव बघत नाहीत. ती काढून तुम्ही म्हणता मुलांना मोकळं केलं. मोकळं कुणाचं पोर झालं? ज्याच्या घरी बाकी सगळं आहे त्याचं. आमच्या पोराकडे दाखवायला काय उरलं मग? आणि चौथीत गणित येतंय त्या पोराला दोन वर्षं थांबवून कुणाचं भलं झालं?

आईची_टॅक्सी

दादा तुमचं पटतं पण ते १२० आणि ४० आकडे वाचून मला तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. माझा मोठा तेव्हा मिडल स्कूलला होता. ती पोरं कुणाची होती? आपलीच ना. पिटिशनमध्ये गणिताबद्दल भरपूर होतं, त्या ४० जणांबद्दल एकानेही काही बोललेलं मला आठवत नाही.

साउथची_मुलगी

मी साउथमधून ग्रॅज्युएट झाले, मराठी रविवारच्या शाळेत शिकले, सो लिहिण्यात मिस्टेक असतील तर सांभाळून घ्या. मी ते चौथीचं मॅथ असतानाच्या बॅचची आहे. त्याची टेस्ट तिसरीच्या शेवटी असायची. त्यासाठी बाबांनी मला दुसरीपासून एका क्लासला घातलं होतं, नाव नाही घेत, आणि त्या क्लासमध्ये अर्धी मुलं माझ्याच शाळेची. म्हणजे शाळेने एक टेस्ट ठेवली होती, आणि आपण त्या टेस्टसाठी वर्षभराचा कोर्स बनवला. रिझल्ट आला त्या संध्याकाळी सगळ्या आयांचे फोन चालू. माझा नंबर लागला, माझ्या बेस्ट फ्रेंडचा नाही लागला, आणि आमचं बोलणं बंद झालं, आम्ही भांडलो म्हणून नाही, तिच्या आईला आमच्या घरी यायला नको वाटायला लागलं म्हणून.

साउथचे टीचर्स मला छान मिळाले. एका सरांनी मला एक एपी (कॉलेज लेव्हलचा कोर्स) ड्रॉप करायला लावला, आईला फोन करून समजावलं. स्ट्रेस होता पण तो शाळेत कमी आणि कारपूलमध्ये जास्त होता. कोण कुठला समर प्रोग्राम करतंय, कोणाचा पीसॅट (एसएटीच्या आधीची टेस्ट) किती. मिडटर्म काढले तेव्हा आम्ही हसलो होतो, कारण ज्यांना स्ट्रेस घ्यायचा होता त्यांनी त्या वेळात अजून एक एपी घेतला.

टॅक्सभरू

हे शेवटचं वाक्य फ्रेम करून बोर्डाच्या ऑफिसात लावा.

सातारकर_एनजे

साउथची_मुलगी, बाळ तुझं मराठी आमच्या पोरांपेक्षा चांगलं आहे. क्लासबद्दल म्हणतेस ते खरं आहे, मी पण घातलं होतं. पण क्लासवाल्यांचा धंदा चालतो कारण शाळेत गणित हळू चालतं असं वाटतं म्हणून ना? परीक्षा काढल्यावर क्लास बंद झाले का? रूट १ वर बघ, वाढलेच.

जंक्शनवाला

दोघांचंही ऐकून मला वाटतं ते लिहितो. या डिस्ट्रिक्टचा निकाल चांगला लागतो त्यात शाळेचा वाटा आहे, नाही असं नाही, पण मोठा वाटा कोण राहायला येतं याचा आहे. फार्मा, हॉस्पिटल, युनिव्हर्सिटी, प्रिन्स्टन जंक्शन स्टेशनवरून न्यूयॉर्कला जाणारे फायनान्स आणि आयटीवाले. दोन डिग्रीवाले आई-बाप शोधून शोधून याच हद्दीत घर घेतात आणि मग रेटिंगच्या साइटवर शाळेला १० पैकी ९ मिळतात. ते बघून अजून तसेच लोक येतात, घरं महागतात. तुमचं पोर इथे आलं म्हणून आपोआप हुशार होणार नाही, आणि शेजारच्या साउथ ब्रन्सविकला गेलं म्हणून वाया जाणार नाही. ज्या पोराला रेटा लागतो त्याला इथे तो मिळतो. जे पोर घरातच रेटलेलं आहे त्याला इथे अजून एक रेटा मिळतो, तेव्हा आपलं पोर कुठल्या प्रकारचं आहे ते ओळखून या.

आणि इथे सगळे अभ्यासूच असतात याचा एक मजेशीर पुरावा म्हणजे २०१७ मध्ये नॉर्थला व्हार्सिटी (म्हणजे शाळेची मुख्य) फुटबॉलची टीम बंद करावी लागली, पुरेशी पोरंच मिळेनात. न्यू जर्सीत, हायस्कूलला, फुटबॉलला पोरं नाहीत! बुद्धिबळाला विचारा मिळतात का.

निशिगंध_२

हे सगळं वाचून थोडी धास्ती आणि थोडं बरं पण वाटतंय. मुलगी पुण्यात स्टेट बोर्डाच्या मराठी-सेमी शाळेत आहे, इंग्रजी बोलायला बुजते. तिला जमेल का पाचवीत एकदम?

आईची_टॅक्सी

जमेल गं. घरात दुसरी भाषा आहे म्हटलं की आधी इंग्रजीची चाचणी घेतात, लागलं तर ईएसएलचा (इंग्रजी दुसरी भाषा म्हणून शिकवायचा) वेगळा तास असतो, त्यासाठी पैसे नाहीत. रजिस्ट्रेशनच्या फॉर्मवर 'घरात कुठली भाषा' या प्रश्नाला लोक भीतीने इंग्रजी लिहितात, तसं करू नकोस, मराठीच लिही, नाहीतर मदतच मिळणार नाही. सहा महिन्यांत ती तुलाच उच्चार शिकवेल. गणितात ती सुरुवातीला पुढेच असेल, फक्त शब्दांच्या गणितात अडेल आणि मैल-इंच-पाउंडात.

मराठी सुटू द्यायचं नसेल तर बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या शाळा आहेत, भारती विद्यापीठाचा अभ्यासक्रम असतो. आणि न्यू जर्सीत बारावीला 'सील ऑफ बायलिटरसी', म्हणजे दोन भाषा येतात असं प्रमाणपत्र, मिळतं, २०१६ चा कायदा आहे, त्यासाठी मराठीची परीक्षा देता येते. लिहिता-बोलता येणाऱ्या पोरीला ते सहज मिळेल, वाया जाऊ देऊ नका.

जंक्शनवाला

एक अजून, हे प्लेन्सबोरोवाल्यांनाही माहीत नसतं. गाव मिडलसेक्स काउंटीत असल्यामुळे आठवीत तिथल्या काउंटी मॅग्नेट स्कूलला (निवडक मुलांच्या, खास विषयाच्या सरकारी हायस्कूलला) अर्ज करता येतो, एडिसनला इंजिनिअरिंगची अकॅडमी आहे, परीक्षा देऊन. वेस्ट विंडसरवाल्यांना ती नाही, त्यांना मर्सरचं काय आहे ते. एकाच मिडल स्कूलच्या एकाच बाकावरच्या दोन पोरांना वेगवेगळे दरवाजे.

टॅक्सभरू

आता आठवीच्या त्या परीक्षेसाठी कुठला क्लास लावायचा असा धागा उद्या येईल, बघाच.

निशिगंध_२

:D सगळ्यांचे आभार. ०८५४० वालं घर सोडलं, एजंटने विचारल्यावर सांगितलं की ते लॉरेन्समध्ये येतं. प्लेन्सबोरोत दोन बेडरूमचं अपार्टमेंट बघतोय, मिळालं तर जूनच्या दुसऱ्या आठवड्यात येऊ. सोफा, डायनिंग टेबल, गाद्या वगैरे नवीन घ्यायचं की कुणाचं मिळतं?

आईची_टॅक्सी

नवीन अजिबात घेऊ नकोस. शाळा सुटली की जूनच्या शेवटी निम्मे लोक घर बदलतात, मूव्हिंग सेलचा पाऊस असतो. विपू कर, माझ्याकडे अभ्यासाचं टेबल आणि दोन खुर्च्या आहेत, धाकट्याने आता गादीवर लोळूनच अभ्यास करायचा ठरवलंय.